पाक्केच्या अरण्यातील धनेश आणि घरट्यांचे राखणदार : लोकसहभागी पर्जन्यवन संवर्धन व वन्यजीव निरीक्षण – एक अभ्यास

सारांश

वन्यजीवांचे संवर्धन हे शासनाचे व तज्ज्ञांचे काम आहे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. अरण्यालगत राहणारा माणूस या विचारात बहुधा अपराधी म्हणून किंवा फार तर लाभार्थी म्हणून येतो. अरुणाचल प्रदेशातील पाक्के व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवर न्यिशी जमातीच्या गावांनी धनेश पक्ष्याच्या घरट्यांची राखण व नोंद करण्याचे जे कार्य २०११-१२ पासून चालविले, त्याने या समजुतीला वेगळे उत्तर दिले आहे. प्रस्तुत लेखात या कार्याची पार्श्वभूमी, रचना, निरीक्षणाची पद्धती, फलित व मर्यादा यांचे विवेचन केले आहे. स्थानिक माणसाची झाडाखालील नित्य उपस्थिती हीच नोंद आणि हीच राखण होय. परंतु या राखणीला भोवतालच्या वनावरील अधिकाराची जोड नसेल तर घरटे वाचते आणि वन जाते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पर्जन्यवन, धनेश, लोकसहभाग, वन्यजीव निरीक्षण, न्यिशी, पाक्के, देवराई.

१. प्रास्ताविक

भारतातील पर्जन्यवने मुख्यत्वे तीन प्रदेशांत आढळतात. पश्चिम घाट, अंदमान-निकोबार बेटे आणि ईशान्य भारत हे ते तीन प्रदेश होत. ईशान्येकडील वने इतर दोहोंपेक्षा एका बाबतीत भिन्न आहेत. तेथील वनांचा फार मोठा भाग आदिवासी जमातींच्या पारंपरिक वहिवाटीखाली आहे. शिकार, वनोपज गोळा करणे व फिरती शेती या गोष्टी तेथील जीवनपद्धतीचा भाग राहिल्या आहेत. अशा प्रदेशात नकाशावर सीमारेषा आखून आणि वनरक्षक नेमून वन सुरक्षित होत नाही. वन ज्यांच्या घराच्या मागील दारी सुरू होते, त्यांनीच मनावर घेतले तर ते टिकते, अन्यथा टिकत नाही.

ही गोष्ट तत्त्व म्हणून आता सर्वमान्य झाली आहे. ‘लोकसहभाग’ हा शब्द प्रत्येक शासकीय योजनेत आढळतो. तथापि लोकांनी नेमके कोणते काम करावयाचे, त्याचा मोबदला कोणी द्यावयाचा, त्यांनी केलेल्या नोंदी कितपत विश्वसनीय मानावयाच्या आणि निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहणार, या प्रश्नांची उत्तरे सहसा दिली जात नाहीत. ज्या मोजक्या ठिकाणी ही उत्तरे प्रत्यक्ष कामातून शोधली गेली, त्यांपैकी पाक्के हे एक महत्त्वाचे ठिकाण आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) धनेश पक्ष्याचे पर्जन्यवनातील स्थान स्पष्ट करणे.
२) पाक्के येथील लोकसहभागी घरटे संरक्षण योजनेची रचना व कार्यपद्धती समजावून घेणे.
३) लोकांनी केलेल्या वन्यजीव निरीक्षणाचे मूल्य व मर्यादा तपासणे.
४) कोकणातील परिस्थितीच्या संदर्भात या अनुभवाची उपयुक्तता पाहणे.

लेखासाठी विवेचनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित संशोधन व उपलब्ध माहिती या दुय्यम साधनांवर आधारित आहे.

३. अभ्यासक्षेत्राचा परिचय

पाक्के व्याघ्र प्रकल्प अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम भागात, पूर्व हिमालयाच्या पायथ्याशी वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८६२ चौ. कि.मी. आहे. १९७७ मध्ये या वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेव्हा त्याचे नाव ‘पाखुई’ असे होते. २००२ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. पश्चिमेस कामेंग, म्हणजेच जिया भरेली, आणि पूर्वेस पाक्के नदी अशा त्याच्या नैसर्गिक सीमा असून दक्षिणेस आसामातील नामेरी व्याघ्र प्रकल्प त्याला लागून आहे. प्रकल्पाचे मुख्यालय सेजोसा येथे आहे. हा भाग पूर्वी पूर्व कामेंग जिल्ह्यात होता. २०१८ पासून तो नव्याने निर्माण झालेल्या पाक्के-केसांग जिल्ह्यात मोडतो.

येथे वर्षाकाठी सरासरी २५०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. पायथ्याची वने उष्ण कटिबंधीय निम-सदाहरित प्रकारची आहेत. उंच वृक्षांवर वेलींची व अपिवनस्पतींची दाटी, खाली वेत व बांबू, आणि नदीकाठी विरळ होत जाणारी झाडी असे त्यांचे स्वरूप आहे.

प्रकल्पाच्या पूर्वेस पापुम राखीव वन आहे. त्याचा विस्तार हजार चौ. कि.मी.हून अधिक आहे. व्याघ्र प्रकल्पात मनुष्यवस्ती नाही. पापुम राखीव वनात मात्र गावे आहेत, शेती आहे, गुरे आहेत. धनेश या दोन्ही वनांत घरटी करतो, कारण सीमारेषा त्याला ठाऊक नसते. या लेखात ज्या कार्याचा विचार केला आहे, ते मुख्यतः या दुसऱ्या, म्हणजे वस्ती असलेल्या वनातील आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर अवलंबून आहे.

४. धनेश : जीवनक्रम व पर्जन्यवनातील कार्य

पाक्केच्या वनात धनेशाच्या चार जाती आढळतात. महाधनेश, माळेरी चोचीचा म्हणून ओळखता येईल असा वलयांकित धनेश, आकाराने लहान असलेला पौर्वात्य कवड्या धनेश आणि डोंगराच्या वरच्या भागात राहणारा तांबड्या मानेचा धनेश या त्या जाती होत. महाधनेश हा अरुणाचल प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. महाधनेश व वलयांकित धनेश या दोन्ही जातींना आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये ‘असुरक्षित’ या अधिक गंभीर वर्गात टाकले.

धनेशाचे घरटे हा त्याच्या जीवनक्रमातील सर्वांत विलक्षण आणि सर्वांत नाजूक भाग आहे. धनेशाला स्वतः झाड कोरता येत नाही. फांदी मोडून, बुरशीने लाकूड कुजून किंवा सुतारपक्ष्याने कोरून तयार झालेल्या ढोलीवर त्याला अवलंबून राहावे लागते. महाधनेशासारखा मोठा पक्षी मावेल अशी ढोली केवळ जुन्या, प्रचंड बुंध्याच्या झाडातच असते. पाक्केच्या पायथ्याच्या वनात अशी बहुसंख्य घरटी ‘भेलू’ या वृक्षावर आढळली आहेत. टेट्रामेलिस न्यूडिफ्लोरा असे त्याचे शास्त्रीय नाव असून हा वृक्ष आपल्या सह्याद्रीतही वाढतो. त्याचे लाकूड मऊ असल्यामुळे त्याला ढोली लवकर पडते.

साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, अन्नाचा चोथा इत्यादींनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी शिल्लक ठेवली जाते. त्यानंतर अंडी घालणे, उबविणे, पिल्लू वाढविणे या सर्व काळात नर त्या फटीतून अन्न भरवितो. महाधनेशाची मादी पिल्लू काहीसे मोठे झाल्यावर बाहेर येते व पिल्लू फट पुन्हा लिंपून घेते. वलयांकित धनेशाची मादी मात्र पिल्लाबरोबरच बाहेर पडते. हा संपूर्ण क्रम सुमारे चार महिने चालतो आणि जुलै-ऑगस्टपर्यंत पिल्लू उडते. महाधनेश व वलयांकित धनेश यांच्या घरट्यातून एका हंगामात बहुधा एकच पिल्लू बाहेर पडते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. या चार महिन्यांत नराची शिकार झाली तर मरतो तो एक पक्षी नव्हे. ढोलीतील मादी व पिल्लू यांचाही आधार जातो. तसेच घरट्याचे झाड तोडले गेले तर जोडीचा एक हंगाम वाया जाऊन भागत नाही. तशी दुसरी ढोली तयार होण्यास कित्येक दशके लागतात. इतक्या संथ गतीने वाढणाऱ्या जातीला थोडीशी हानीही पेलवत नाही.

धनेशाचा आहार मुख्यतः फळांचा आहे. वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातील फळे तो वर्षभर खातो. त्याखेरीज जायफळाच्या, दालचिनीच्या आणि कडुनिंबाच्या कुळांतील मोठ्या बियांची, स्निग्ध गराची फळे तो विणीच्या काळात मोठ्या प्रमाणावर आणतो. लहान पक्ष्यांना ही फळे गिळता येत नाहीत. धनेश ती अखंड गिळतो, गर पचवितो आणि बी दूरवर टाकतो. पाक्केत पक्ष्यांच्या पाठीवर लहान यंत्र बसवून झालेल्या अभ्यासात बिया क्वचित दहा कि.मी.हून अधिक अंतरापर्यंत नेल्या जाऊ शकतात, असे दिसून आले. त्यामुळे धनेशाला ‘वनाचा शेतकरी’ असे जे म्हटले जाते, ते अलंकारिक नाही. धनेश नाहीसा झाला तर वन लगेच नष्ट होणार नाही. परंतु मोठ्या बियांच्या वृक्षांची नवी पिढी मातृवृक्षाच्या सावलीतच अडकून पडेल आणि वनाची घडण हळूहळू बदलत जाईल.

५. न्यिशी समाज व धनेश : एका नात्यातील बदल

न्यिशी ही अरुणाचल प्रदेशातील एक मोठी जमात आहे. न्यिशी पुरुषांच्या वेताच्या पारंपरिक टोपीवर महाधनेशाची चोच लावण्याची प्रथा आहे. ही चोच शौर्याचे व प्रतिष्ठेचे चिन्ह मानली जाते. त्याशिवाय मांसासाठीही धनेशाची शिकार होत असे. म्हणजे हा पक्षी न्यिशी संस्कृतीत अत्यंत आदराचा होता आणि नेमक्या त्याच कारणाने मारलाही जात होता.

२००० नंतरच्या दशकाच्या आरंभी वन विभाग व ‘वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया’ ही संस्था यांनी खऱ्या चोचीऐवजी फायबरग्लासची हुबेहूब चोच वापरण्याचा पर्याय पुढे आणला. या उपायाचे मर्म असे की त्याने प्रथेचा धिक्कार केला नाही. टोपी तीच राहिली, तिचा मानही तसाच राहिला. बदलली ती केवळ वस्तू. कोणत्याही समाजाला ‘तुमची रीत रानटी आहे’ असे सांगून त्याचे सहकार्य मिळत नाही, हे समाजशास्त्राचे साधे सूत्र येथे पाळले गेले.

पुढील महत्त्वाचा टप्पा म्हणजे ‘घोरा-आभे’ या संघटनेची २००६ मधील स्थापना. पाक्केच्या सीमेवरील गावांच्या गावबुढ्यांनी एकत्र येऊन ही संघटना उभारली. ‘गावबुढा’ हे तेथील गावप्रमुखाचे पद आहे. शासनाने दिलेला लाल कोट हे त्याचे ओळखचिन्ह. गावातील तंटे सोडविण्याचा, रूढीनुसार दंड ठरविण्याचा मान त्याच्याकडे असतो. आपल्याकडील जुन्या गावपाटलाशी या पदाचे दूरचे साम्य सांगता येईल. घोरा-आभेने शिकार व वृक्षतोड यांविरुद्ध नियम केले आणि ते मोडणाऱ्यास दंड ठरविला.

या दंडामागील बळ कायद्याच्या कलमाहून वेगळे आहे. वनरक्षकाने पकडले तर खटला चालतो, वर्षे जातात, आणि आरोपीला गावात सहानुभूतीही मिळू शकते. गावबुढ्यांच्या सभेत मात्र दोषी माणसाला आपल्या भाऊबंदांसमोर उभे राहावे लागते. समाजाने समाजासाठी घातलेले हे बंधन अधिक लवकर लागू पडते.

६. घरटे दत्तक योजना : रचना

पाक्केच्या धनेशांचा शास्त्रीय अभ्यास १९९० च्या दशकाच्या मध्यापासून डॉ. अपराजिता दत्ता यांनी सुरू केला. २०१३ मध्ये त्यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल व्हिटली पुरस्कार मिळाला. व्याघ्र प्रकल्पाच्या आत घरटी तुलनेने सुरक्षित होती. बाहेरील पापुम राखीव वनात मात्र घरट्यांची झाडे तोडली जात होती. या समस्येवर उपाय म्हणून २०११-१२ मध्ये घोरा-आभे, अरुणाचल प्रदेश वन विभाग आणि म्हैसूर येथील ‘नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन’ ही संस्था अशा तीन पक्षांत करार होऊन ‘धनेश घरटे दत्तक योजना’ सुरू झाली.

योजनेची प्रेरणा थायलंडमधील कार्यातून मिळाली. तेथील संशोधिका प्रा. पिलाई पूनस्वाद यांनी दक्षिण थायलंडच्या बुडो पर्वतातील गावांत, पूर्वी पिल्ले पकडून विकणाऱ्या गावकऱ्यांनाच घरट्यांच्या राखणीचे काम दिले होते आणि शहरी नागरिकांच्या देणग्यांतून त्यांचा मोबदला उभा केला होता. या कार्यासाठी त्यांना २००६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला.

पाक्केतील रचनाही साधारण तशीच आहे. देशभरातील नागरिक वार्षिक देणगी देऊन एखाद्या घरट्याचे ‘पालक’ होतात. त्या निधीतून गावातील निवडक व्यक्तींना घरट्यांचे राखणदार म्हणून वेतन दिले जाते आणि काही भाग गावाच्या सामूहिक उपयोगासाठी ठेवला जातो. राखणदारांपैकी काही जण पूर्वी स्वतः शिकारी होते. पालकांना आपल्या घरट्यात काय घडले याचा वृत्तान्त हंगामाअखेरीस मिळतो. तिन्ही पक्षांची भूमिका वेगळी आहे : घोरा-आभे सामाजिक मान्यता देते, वन विभाग कायद्याचे पाठबळ देतो आणि संशोधन संस्था प्रशिक्षण व निधीची व्यवस्था पाहते. यांपैकी एकही पाय निखळला तर तिवई उभी राहणार नाही.

७. लोकसहभागी निरीक्षणाची कार्यपद्धती

घरट्याचा शोध हे पहिले काम आहे. हंगामाच्या आरंभी राखणदार जुन्या ढोल्या पाहतात आणि नव्यांचा शोध घेतात. नराच्या पंखांचा आवाज दूरवरून ऐकू येतो. तो एकाच दिशेने वारंवार जात असेल तर त्या दिशेस घरटे असण्याचा संभव असतो. झाडाखाली पडलेली विष्ठा, चोथा व बिया हा दुसरा पुरावा. ही खूण ओळखण्यास पुस्तकी शिक्षण लागत नाही. शिकाऱ्याची नजर येथे राखणदाराच्या कामी येते.

घरटे निश्चित झाल्यावर पुढील बाबींची नोंद वहीत केली जाते : मादी ढोलीत केव्हा शिरली, ढोलीचे तोंड लिंपले गेले की नाही, नर किती वेळा आला, कोणती फळे आणली, मादी केव्हा बाहेर आली, पिल्लू उडाले की नाही, आणि घरटे फसले असल्यास कशामुळे. विणीच्या हंगामानंतर धनेश मोठ्या संख्येने ज्या ठरावीक झाडांवर रात्री एकत्र येतात, त्या रातथाऱ्यांवरही संध्याकाळी गणना केली जाते.

या नोंदींतून काय हाती येते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका हंगामात ३० ढोल्यांवर लक्ष ठेवले. त्यांपैकी २० ढोल्यांत मादी शिरली आणि १६ ढोल्यांतून पिल्लू उडाले. येथे घरट्यांचे यश २० पैकी १६, म्हणजे ८० टक्के धरावे लागेल, ३० पैकी १६ नव्हे. कारण ज्या १० ढोल्यांत मादी शिरलीच नाही, त्या ‘फसलेल्या’ नसून ‘रिकाम्या’ होत्या. दोन्हींची कारणे निराळी असतात. रिकामी ढोली हे ढोलीचा तळ खचल्याचे, तोंड बुजल्याचे किंवा जोडीच नाहीशी झाल्याचे लक्षण असू शकते. फसलेले घरटे हे शिकार, अन्नटंचाई किंवा झाड कोसळल्याचे. हा भेद कळण्यासाठी हंगामातून एकदा येऊन जाणारा अभ्यासक पुरेसा पडत नाही. त्याच झाडाखाली पुनःपुन्हा जाणारा माणूसच तो सांगू शकतो.

येथेच लोकसहभागी निरीक्षणाचे खरे वैशिष्ट्य दिसून येते. प्रयोगशाळेत मापन व उपचार या दोन वेगळ्या क्रिया असतात. पाक्केच्या वनात त्या एकच होतात. जो मनुष्य नोंद घेण्यासाठी झाडाखाली बसला आहे, त्याच्या देखत कोणी त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही, बंदूकही उचलत नाही. वहीतील नोंद हे त्याच्या उपस्थितीचे केवळ एक फळ होय.

८. फलित

योजनेच्या पहिल्या सात-आठ वर्षांत राखलेल्या घरट्यांतून शंभराहून अधिक पिल्ले बाहेर पडली. दर हंगामी बहुधा एकच पिल्लू देणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत ही संख्या लहान नाही. २०१६ मध्ये या कार्यासाठी पाक्केला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. २०१५ पासून सेजोसा येथे ‘पाक्के पागा’ हा उत्सव सुरू झाला. ‘पागा’ म्हणजे न्यिशी भाषेत धनेश. ज्या पक्ष्याची चोच टोपीवर मिरविली जात होती, त्याच्या जिवंत अस्तित्वाचा आता उत्सव होतो, हा बदल आकड्यांत मोजता येत नसला तरी महत्त्वाचा आहे.

दुसरे फलित ज्ञानविषयक आहे. पापुम राखीव वनासारख्या, माणसाचा वावर असलेल्या वनातही धनेश घरटी करू शकतो आणि पिल्ले वाढवू शकतो, हे या नोंदींनी दाखवून दिले. वन्यजीव केवळ निर्मनुष्य अभयारण्यातच टिकतात, या समजुतीला त्यामुळे छेद गेला. तिसरे फलित आर्थिक आहे. वनावर अवलंबून असलेल्या काही कुटुंबांना वन उभे ठेवण्यापासून उत्पन्न मिळू लागले.

९. मर्यादा : घरटे राहिले, वन घटले

या यशाचे वर्णन येथेच थांबविणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पापुम राखीव वनातील क्षेत्राची उपग्रह छायाचित्रांच्या साह्याने पाहणी करण्यात आली. तीत २०१३ ते २०१७ या काळात सुमारे ३२ चौ. कि.मी. वन नष्ट झाल्याचे आढळून आले. अवैध वृक्षतोड व शेतीसाठी जमीन मोकळी करणे ही त्याची प्रमुख कारणे होत. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही या वृक्षतोडीची दखल घेतली.

या काळाकडे नीट लक्ष द्यावे. याच वर्षांत राखणदार रोज वनात जात होते, पिल्ले उडत होती, उत्सव व पुरस्कार होत होते. म्हणजे योजना आपले काम चोख करीत असतानाच भोवतालचे वन कमी होत होते. घरट्याचे झाड उभे होते. परंतु नराने ज्या झाडांवरून फळे आणावयाची, ती झाडे पडत होती. एकाकी उभ्या असलेल्या भेलूच्या ढोलीत मादी काही हंगाम शिरेलही. पण नराला फळांसाठी दर वर्षी अधिक दूर जावे लागेल, आणि एक दिवस ढोली रिकामी राहील.

याचा दोष राखणदारांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. एका झाडाजवळ उभे राहून ते झाड वाचविता येते. लाकडाच्या व्यापाराची साखळी मात्र गावाच्या सीमेबाहेर पसरलेली असते. तिच्यामागे पैसा असतो आणि कधी शस्त्रही असते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ईशान्येतील वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. तरी लाकडाची मागणी त्यामुळे संपली नाही. शिवाय पापुम हे राखीव वन असल्याने त्यावरील कायदेशीर अधिकार शासनाचा आहे. गावबुढा आपल्या गावातील माणसास दंड करू शकतो. वनातून जाणारी लाकडाची गाडी अडविण्याचा अधिकार त्याला नाही. ज्याची तेथे नित्य उपस्थिती आहे त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याची तेथे नित्य उपस्थिती नाही, असा हा पेच आहे.

आणखी दोन मर्यादांचा निर्देश आवश्यक आहे. पहिली निधीविषयक. राखणदारांचे वेतन देणग्यांवर अवलंबून असल्याने दात्यांचा उत्साह ओसरला तर राखणही थांबण्याचा धोका आहे. दुसरी शास्त्रीय. नोंदी केवळ माहीत असलेल्या घरट्यांच्या असतात. त्यांवरून संपूर्ण वनातील धनेशांच्या संख्येविषयी थेट अनुमान काढता येत नाही. त्यासाठी ठरावीक वाटांवरील गणना, रातथाऱ्यांवरील गणना व उपग्रह छायाचित्रे यांची जोड द्यावी लागते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासाने हेच सिद्ध केले आहे. केवळ घरट्यांची वही पाहणाऱ्यास सर्व कुशल आहे असेच वाटले असते.

१०. कोकणच्या संदर्भात

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. महाधनेश पश्चिम घाटातही आढळतो, आणि कोकण व गोव्यात मलबारी कवड्या धनेश अद्याप दिसतो. कोकणातील काही भागांत लोक धनेशालाच ‘गरुड’ म्हणतात. त्याला हवे असलेले जुने, ढोलीचे वृक्ष आज मुख्यतः देवरायांत व खासगी मालकीच्या रानांत उरले आहेत. देवराई ग्रामदेवतेची असल्याने तेथे कुऱ्हाड चालत नाही, ही श्रद्धा शतकानुशतके गावानेच जपली. वेतन, करार व पुरस्कार यांच्या आधीचे हे लोकसहभागी संवर्धन होय.

तथापि खासगी रानांतील वृक्षांना असे अभय नाही. संगमेश्वर व भीमाशंकर परिसरात ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या पुण्याच्या संस्थेने या संदर्भात एक वेगळा मार्ग अवलंबिला. बेहड्याचे जुने, मोठे वृक्ष हे धनेशाच्या घरट्याचे वृक्ष आहेत आणि त्याची फळे त्रिफळा चूर्णासाठी लागतात. वृक्ष तोडून एकदाच लाकूड विकण्यापेक्षा तो राखून दर वर्षी फळे विकावीत व फळांना प्रमाणित वनोपज म्हणून चांगला भाव मिळावा, अशी ही व्यवस्था आहे. पाक्केत मोबदला राखणीचा आहे, येथे तो फळांचा आहे; परंतु उभ्या झाडाचे मोल पडलेल्या झाडापेक्षा अधिक ठरविणे, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. उणीव आहे ती नित्य नोंदींची. आपल्या किती देवरायांत किती ढोल्या आहेत आणि त्यांपैकी किती भरलेल्या आहेत, याची वर्षानुवर्षांची वही गावागावांत असावयास हवी.

११. निष्कर्ष

१) संथ प्रजनन, जुन्या वृक्षांवरील अवलंबित्व व बीजप्रसारातील भूमिका यांमुळे धनेश हा पर्जन्यवनाच्या आरोग्याचा विश्वसनीय निदर्शक ठरतो.
२) स्थानिक परंपरेचा अवमान न करता तिला नवे वळण दिल्यास शिकारी समाजही संवर्धनाचा आधार बनू शकतो.
३) लोकसहभागी निरीक्षणात नोंद व राखण या दोन क्रिया एकरूप होतात, बाहेरून येणाऱ्या अभ्यासकास हे साधत नाही.
४) घरट्याची राखण ही आवश्यक आहे, पुरेशी नाही. भोवतालच्या वनाविषयी निर्णयाचा अधिकार राखणाऱ्या समाजाकडे नसेल तर यश घरट्यापुरतेच राहते.

१२. शिफारशी

१) राखणदारांच्या नोंदींना वन व्यवस्थापन आराखड्यात औपचारिक स्थान द्यावे व वृक्षतोडीविषयी त्यांनी दिलेल्या सूचनेवर ठरावीक मुदतीत कार्यवाही बंधनकारक करावी.
२) वेतनासाठी देणग्यांबरोबर शासकीय निधीची कायम तरतूद असावी.
३) नोंदवह्या गावच्या सभेत दर वर्षी वाचल्या जाव्यात, म्हणजे माहिती गावाची राहील.
४) कोकणातील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील देवरायांतील ढोल्यांच्या वृक्षांची नोंद गावकऱ्यांच्या साह्याने हाती घ्यावी. यासाठी वही, दुर्बीण आणि चिकाटी एवढी सामग्री पुरते. मात्र घरट्यांची नेमकी ठिकाणे प्रसिद्ध करू नयेत.

समारोप

पाक्केचा अनुभव आपल्याला आशा देतो आणि सावधही करतो. ज्याच्या हाती काल बंदूक होती, त्याच्या हाती आज वही आहे, ही आशेची बाजू होय. वही प्रामाणिकपणे भरली जात असतानाही वन घटत गेले, ही सावधगिरीची. गावाने आपल्या वाट्याचे काम केले आहे. आता त्या वहीतील नोंद वाचून तिच्यावर कृती करण्याचे उत्तरदायित्व ज्यांच्या हाती वनाचा अधिकार आहे, त्यांचे आहे.